चिमटीत न आलेला पट्टा

सीट घरात आली त्या दिवशी सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता, हे आधी सांगतो.

माझा मुलगा सुनीलकुमार हैदराबादला एका कारखान्यात मशीन दुरुस्तीचं काम करतो. सून रूपा तिथल्याच एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत नोकरीला होती. अपघाताची लेकरं तिथं येत. कुठलं मूल कुणाच्या मांडीवरून काचेवर आदळलं, कुठलं पुढच्या दोन सीटच्या मधून निसटलं, हे ती रोज ऐकायची. म्हणून दोघांनी जुनी का होईना गाडी घेतली तेव्हा रूपानं आधी अट घातली, की योगीराजची वेगळी सीट आल्याशिवाय त्याला गाडीत घालायचं नाही. योगीराज माझा नातू. तेव्हा अडीच वर्षांचा होता. आम्ही त्याला योगू म्हणतो.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी ती दोघं गाडी घेऊन बीदरला, मैलूर भागातल्या आमच्या घरी आली. मागच्या सीटवर डाव्या बाजूला गाडीच्याच पट्ट्यानं ती लहान सीट आवळून बसवलेली होती आणि तिच्यात योगू, दोन्ही खांद्यांवरून पट्टे, पोटाशी लाल बटणाचं बक्कल. गाडी थांबली तरी तो उतरायला तयार नव्हता. गल्लीतली पोरं काचेला नाकं लावून बघत होती.

नागूबाई, म्हणजे माझी बायको, आरतीचं ताट घेऊन आली आणि दारातच थबकली.

"हे काय गं, लेकराला बांधून आणलाव व्हय?" ती म्हणाली. "आमच्यात कोकराला बी कुणी असं बांधत न्हाई."

"बांधलेलं न्हाई आत्याबाई, धरलेलं हाय," रूपा म्हणाली.

"धरायला आई न्हाई का त्याला?"

सुनील हसला. "अव्वा, तुला बी एक आणू का? पट्टा लावला की तोंड बी बंद ऱ्हातंय."

"आण की. तुज्या अप्पाला आण आधी. बसल्या जागी शिकवायलेत दिवसभर."

नागूबाईच्या बोलण्यात कधी विष नसायचं. ती धनगरवाड्यात वाढली. तिच्या आजोबांनी मेंढ्या घेऊन मांजरा नदीच्या काठानं दिवस काढले, बापानं शेवटचा कळप विकून औरादच्या पुढं जमीन केली, आणि भाऊ आता बांधकामावर जातो. मेंढ्या गेल्या. त्या कळपाच्या लोकरीचं एक काळं घोंगडं तेवढं तिच्याकडं आहे. बापानं तिला लग्नात दिलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सीटबरोबर आलेलं माहितीपुस्तक घेऊन ओट्यावर बसलो. ते इंग्रजीत होतं. मी शाळेत सगळे विषय शिकवले, त्यामुळं एवढं इंग्रजी मला वाचता येतं, आणि चित्रं होतीच. वाचत गेलो तसा मराठीत सांगत गेलो. दारात उभ्या गाडीतल्या सीटमध्ये योगूला बसवून प्रत्येक पायरी करून दाखवली. पाठ सीटला टेकलेली पाहिजे. पट्टे खांद्याला नीट बसले पाहिजेत, कुठं पीळ नको. पोटाचा पट्टा पोटावर नको, खाली मांड्यांच्या सांध्यावर. मग पुढची दोरी ओढून सगळं आवळायचं आणि शेवटी परीक्षा. खांद्याजवळचा पट्टा बोटांच्या चिमटीत धरायचा. चिमटीत वळी आली तर पट्टा सैल. चिमटी नुसती घसरली तर घट्ट.

ही चिमटीची परीक्षा मला फार आवडली. कुणालाही करता येईल, आकडा लागत नाही, वजन लागत नाही. मी नागूबाईकडून करून घेतली, गल्लीतल्या दोन पोरांकडून करून घेतली. योगूनं स्वतः केली. त्याच्या चिमटीत पट्टा येईना तेव्हा तो "घत्त" म्हणाला आणि सगळ्यांकडं बघून मान हलवली.

चौथ्या पानावर एक चित्र होतं. जाड कोट घातलेलं मूल सीटमध्ये बसलं आहे आणि त्यावर मोठी फुली. खाली लिहिलं होतं, की मुलाच्या अंगावर, पाठीमागं किंवा खाली जाड कापड ठेवून पट्टे आवळू नयेत. गाडीला धक्का बसला की जाड कापड चेपतं आणि जेवढं चेपतं तेवढा पट्टा सैल होतो. मी तेही वाचून दाखवलं. उशी घेऊन, दाबून, कशी पातळ होते ते दाखवलं.

"हिकडं कुठं बर्फ पडायलाय," नागूबाई म्हणाली, "कोट घालायला?"

सगळे हसले. मीही हसलो आणि पान उलटलं.

योगूला अजून बिरोबाला नेलेलं नव्हतं. पहिल्या दसऱ्याला तो आजारी होता, दुसऱ्या दसऱ्याला भावकीत सुतक पडलं. त्याचं ठाणं औरादच्या पुढं आमच्या गावच्या माळावर आहे. आमच्या घरची रीत अशी, की मूल पहिल्यांदा देवाला दाखवायला निघालं की घराच्या उंबऱ्यापासून ठाण्यापर्यंत घोंगड्यावरच बसलं पाहिजे. पूर्वी घोड्याच्या पाठीवर घोंगड्याची घडी टाकून त्यावर लेकरू बसवत. सुनीलला आम्ही बैलगाडीत असाच नेला होता. देवानं आपलं माणूस घोंगड्यावरून ओळखायचं असतं, असं नागूबाईची आई सांगायची.

दसऱ्याच्या सकाळी नागूबाईनं ट्रंकेतून घोंगडं काढलं, झटकलं आणि चार पदरी घडी करून योगूच्या सीटवर टाकलं. खाली बसायला आणि वर पाठीला, दोन्हीकडं आलं. रूपा योगूला घेऊन गाडीपाशी आली आणि थांबली.

"आत्याबाई, ह्याच्यावर न्हाई बसवता येत."

"कामून?"

"मामांनी कालच वाचलंय न. जाड काही नगं म्हणून."

"ते कोटाचं हुतं. घोंगडं कोट हाय का?" नागूबाईनं घोंगड्याची कड हातानं सारखी केली. "रूपा, दोन वर्सं झाली मी वाट बघायलेय. तुजी खुर्ची बी ऱ्हावू दे, माजं घोंगडं बी ऱ्हावू दे. मी मांडीवर घेते म्हणले का? न्हाई म्हणले. तुजं ऐकलंच की."

हे खरं होतं. मांडीवर घ्यायचा हट्ट तिनं आदल्या दिवशीच सोडला होता. तिच्या बाजूनं तो मोठा त्याग होता.

"उकडंल त्याला," रूपा म्हणाली.

"तासाभराचा तर रस्ता हाय."

सुनील स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला होता. "अप्पा, तुमीच सांगा काय ते. उशीर व्हायलाय."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मला ते चौथं पान आठवत होतं. फुली मारलेलं चित्र डोळ्यांपुढं होतं. पण नागूबाईचा हात घोंगड्यावर होता, आणि मला वाटलं, एका दिवसाचं आहे. रूपाला म्हणालो, "बसव. बघू चिमटी येते का."

रूपानं योगूला घोंगड्यावर बसवलं, बक्कल लावलं, दोरी ओढली. मी वाकून खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरायला गेलो. बोटं घसरली. दुसऱ्या खांद्यावरही घसरली. घोंगड्याची लोकर दाबली गेली होती आणि पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ होता.

"घट्ट हाय," मी म्हणालो. "चला."

रूपानं आणखी एकदा माझ्याकडं बघितलं आणि ती मधे बसली. नागूबाई तिच्या पलीकडं. मी पुढं, सुनीलशेजारी.

त्या दिवसांत सोयाबीन निघालेलं असतं. मळणीयंत्राची वाट बघत बसण्यापेक्षा लोक कापलेलं सोयाबीन डांबरी रस्त्यावर अंथरतात. गाड्या वरून जातात, शेंगा फुटतात, संध्याकाळी काड बाजूला करून दाणे झाडून घ्यायचे. गाड्यांनी बाहेरून जाऊ नये म्हणून कडेला धोंडे मांडलेले असतात. मीही तरुणपणी अंथरलं आहे. त्या दिवशी आमच्या वाटेत आलेलं सोयाबीन कुणाचं होतं हे मी नंतरही विचारलं नाही.

औराद जवळ आलं होतं. वळणाच्या पुढं रस्त्याची आमची बाजू पूर्ण पिवळी होती आणि समोरून जीप येत होती. सुनीलनं ब्रेक दाबला. गाडी पन्नासच्या आत असेल. गोट्यांवर पाय पडावा तशी ती दाण्यांवरून घसरत गेली आणि पुलाच्या कठड्याला धडकली.

माझ्या छातीवर पट्ट्याचा वळ उठला. सुनीलला काही झालं नाही. रूपाच्या कपाळाला खोक पडली, नागूबाईचं मनगट मोडलं. मी मागं वळून बघितलं तेव्हा योगूच्या सीटवर योगू नव्हता. पट्टे बाजूला ओघळले होते. बक्कल तसंच बंद होतं. घोंगडं सीटवर होतं, मधे खोलगट चेपलेलं. योगू माझ्या सीटच्या मागं खाली पायांच्या जागेत पडला होता आणि रडत नव्हता.

आधी बीदरला आणि तिथून हैदराबादला नेलं. तेवीस दिवस तो अतिदक्षता विभागात होता. डोकं आदळल्यानं मेंदूला सूज आली होती. डॉक्टर भले होते, ते खोटी आशा देत नव्हते. एवढंच म्हणत, की जीव वाचला आहे, पुढचं आता सांगता येत नाही.

दवाखान्याच्या बाकावर रूपा कपाळाला टाके घेऊन बसलेली असायची. पहिल्या आठवड्यात तिनं सुनीलला एकच प्रश्न तीन-चार वेळा विचारला.

"बक्कल बंद हुतं. मग तो भाईर आला कसा?"

"मला काय म्हायती रूपा. सीट गाडीला बसवताना माजंच काय तरी चुकलं आसंल."

"सीट हाललंच न्हाई. जाग्यावरच हुतं."

"मग ब्रेक मारायला चुकलं. काय तरी चुकलंच की माजं."

मी समोरच्या बाकावर होतो. तो बाहेर कसा आला हे मला त्याच क्षणी कळलं होतं, गाडीत मान वळवली तेव्हाच. लोकर चेपली, चार बोटं जागा झाली, खांदे पट्ट्यांतून सुटले. शाळेतल्या पोरालाही कळेल इतकं सोपं होतं ते. आणि त्याच बाकावर बसून मला आणखी एक गोष्ट सुचली, ती त्या सकाळी सुचायला हवी होती. आधी पट्टे आवळायचे आणि मग घोंगडं वरून पांघरायचं. किंवा घोंगडं रूपाच्या मांडीवर ठेवून त्याचा पदर योगूच्या हातात द्यायचा. पुजाऱ्यानं तेही मानलं असतं. नागूबाईनंही मानलं असतं, मी नीट सांगितलं असतं तर. दोन मिनिटांचं काम होतं.

मी बोललो नाही. मोडक्या मनगटानं दवाखान्याच्या दारात बसून बिरोबाला हाका मारणाऱ्या बाईला मी काय सांगणार होतो, की तुझ्या बापाच्या घोंगड्यानं हे झालं? मी स्वतःला म्हणालो, योगू बरा होऊ दे, मग सांगू.

योगू बरा झाला नाही. रूपानं नोकरी सोडली आणि त्याला घेऊन ती मैलूरला राहिली, कारण एकटीनं त्याचं होत नव्हतं. त्याची उजवी बाजू हलत नाही. मान धरावी लागते. घास आत ढकलून गळ्यावरून हात फिरवला की गिळतो. अपघाताआधी तो पाण्याला तीन शब्द म्हणायचा. मला पाणी, आजीला कानडी नीरू, आणि हैदराबादला त्याला सांभाळणाऱ्या तेलुगू बाईला नीळ्ळू. कुणाला कुठला शब्द लागतो हे त्याला आपोआप कळलं होतं. आता मी पेला त्याच्यासमोर धरून तिन्ही शब्द सांगतो. तो पेल्याकडं बघत नाही, माझ्याकडंही बघत नाही. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणते, बोलत राहा काका. मी बोलत राहतो.

सुनील हैदराबादला एकटा आहे. शनिवारी बसनं येतो, गाडी त्यानं विकली. तो आणि रूपा औषधांखेरीज एकमेकांशी बोलत नाहीत. तो म्हणतो, "मीच चालवत हुतो," आणि कुणी काही म्हणायच्या आत उठून जातो.

आणि नागूबाई सगळ्यांना सांगायची, की त्या खुर्चीनं लेकराला खाल्लं.

तिच्याकडं तेवढंच होतं. नळावर, दळणाच्या गिरणीत, औरादच्या बाजारात, भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती सांगायची. मांडीवर असतं तर वाचलं असतं. मी धरलं असतं. मनगट मोडलं तसा हात मोडला असता, पण सोडलं नसतं. बायका डोळे पुसायच्या आणि घरी जाऊन आपल्या लेकीसुनांना सांगायच्या. गल्लीत एकानं अशीच सीट आणली होती, त्यानं ती दुकानदाराला परत नेऊन दिली. हे मला कळलं तेव्हाही मी गप्प होतो.

भाग्यलक्ष्मी ही नागूबाईच्या भावाची मुलगी. मैलूरलाच पलीकडच्या गल्लीत राहते. तिची मंजुश्री तेव्हा आठ महिन्यांची होती. योगूची सीट बघून तिच्या नवऱ्यानं, व्यंकटनं, हौसेनं मंजूसाठीही एक मागवली होती. फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी ती मंजूला घेऊन दारात आली. नव्या साडीत होती. कलबुर्गीला नणंदेच्या घरी बारसं होतं. व्यंकट गाडी चालू ठेवून बाहेर थांबला होता.

नागूबाई योगूला मांडीवर घेऊन खिमट भरवत होती. रूपा त्याचे कपडे वाळत घालत होती.

"किती वेळ लागंल गं?" नागूबाईनं विचारलं.

"तीन तास तरी जातेत, आत्या. रस्त्याचं काम चालूय." ती मंजूला कडेवर सावरत म्हणाली, "फुडं बसते. मागं हिला मळमळतंय."

"आनी ती खुर्ची?"

"माळ्यावर टाकली. तुमी सांगितल्यापासून तिकडं बघायला बी भेव वाटतंय."

"बरं केलीस," नागूबाई म्हणाली. "मांडीवर असलं की आपल्या हाताला कळतंय. त्या पट्ट्याला काय कळतंय?"

मी ओट्यावरून उठलो. आत आलो. मला वाटतं माझा आवाज नेहमीसारखाच होता.

"भाग्या, थोडं थांब. मांडीवर न्हाई ऱ्हात लेकरू. धक्का बसला की मंजूसारखं आठ किलोचं मूल सोयाबीनच्या चार पोत्यांएवढं जड होतंय. कुणाच्या हातात तेवढी ताकद नसतीय. आनी फुडं बसलीस तर तुज्या आंगाचा भार बी तिच्यावरच."

"पर योगूला तर..."

"योगूचं सीटनं न्हाई झालं." मी नागूबाईकडं बघत नव्हतो. "खाली घोंगडं हुतं. चार पदरी. पट्टे घोंगड्यावर आवळले, लेकरावर न्हाई. घोंगडं चेपलं आनी तो निसटला. पुस्तकात लिहिलेलं हुतं. मी वाचलं हुतं. तरी मी घट्ट हाय म्हणलो."

दोरीवरचा रूपाचा हात थांबला. भाग्यलक्ष्मीनं मंजूचं डोकं उगाच झाकलं. नागूबाईनं चमचा वाटीत ठेवला.

"तुमाला तवाच ठाऊक हुतं?" ती म्हणाली.

"व्हय."

"मी टाकायले तवा?"

"आदल्या दिवशीच वाचून दाखवलं हुतं. तू हसलीस. मी बी हसलो."

"मला काय कळतंय पुस्तकातलं." तिचा आवाज चढला नाही. "तुमाला कळत हुतं. मग मला अडवलं कामून न्हाई?"

मी तेहतीस वर्षं पोरांना प्रश्न विचारले आणि उत्तराची वाट बघितली. ती माझी वाट बघत होती. 

"मला दवाखान्यातच कळलं हुतं, मामा," दारातून रूपा म्हणाली. "तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तुमी कवा बोलताव बघत हुते." तिनं बादलीतला शेवटचा कपडा पिळला. "मी तसं बसू दिलं नसतं त्याला. तुमी चिमटी लावून सांगितलाव म्हणून बसू दिले."

"आता कशाला उकरायलाव हे," भाग्यलक्ष्मी घाईनं म्हणाली. ती नागूबाईच्या शेजारी टेकली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. "आत्या, मनाला लावून घेऊ नगा. कुणाचं कुणाच्या हातात असतंय का. तुमी काय मुद्दाम केलाव?"

बाहेर व्यंकटनं हॉर्न वाजवला.

भाग्यलक्ष्मी मंजूला घेऊन उठली तसा मी तिच्या मागोमाग गाडीपर्यंत गेलो. "माळ्यावरनं काढ ती सीट," म्हणालो. "पंधरा मिनिटं लागतेत. मी बसवून देतो. मंजू लहान हाय, तिचं तोंड मागं करून बसवायचं, मानेला धक्का बसत न्हाई. व्यंकट, दहा वाजता निघालाव तर काय बिघडंल?"

व्यंकटनं बायकोकडं बघितलं. तिनं मान हलवली.

"नगं मामा."

"तुला पटलं न्हाई का?"

"पटलं की." ती हळू बोलत होती, घराकडं पाठ करून. "पर आत्ताच्या आत्ता ते सीट लावून मी गेले तर आत्याला काय वाटंल? तुमचंच चुकलं, असं तोंडावर म्हणल्यासारखं व्हतंय. मला न्हाई जमत. त्यांनी मला आंगाखांद्यावर वाढवलंय."

"आज नगं तर उद्या लाव."

"उद्या बी आत्या इथंच हाईत की, मामा."

ती पुढं बसली. मंजूला तिनं मांडीवर उभं केलं, म्हणजे तिला समोरचं दिसावं. मंजू पुढच्या काचेवर दोन्ही तळवे टेकवून उड्या मारत होती. व्यंकटनं स्वतःचा पट्टा लावला, कारण चौकात पोलीस असतात.

संध्याकाळी ते सुखरूप परतले. त्यानंतर हैदराबादला दोनदा, उदगीरला एकदा जाऊन आले. प्रत्येक वेळी सुखरूप. प्रत्येक वेळी मी ओट्यावर बसून गाडी परत यायची वाट बघतो, आणि ती आली की भाग्यलक्ष्मी काचेतून हात करते, बघा काही झालं नाही असा. तिच्या त्या हातापुढं माझं पुस्तक काही कामाचं नाही, हे मला कळतं. मंजू आता चालायला लागली आहे. मी आणखी दोनदा सांगून बघितलं. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "मामा, तुमी ह्यो विषय काढू नगा. आत्याला तरास व्हतंय."

सुनीलला मी फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं, तेवढं तरी त्याच्या डोक्यावरचं उतरेल. 

"अप्पा," तो म्हणाला, "गाडी मीच चालवत हुतो." आणि फोन ठेवला.

नागूबाईनं खुर्चीचं नाव घेणं बंद केलं. नळावर, गिरणीत, कुठंच ती आता काही सांगत नाही. तिचं सांगणं मात्र तिच्याशिवाय फिरत राहिलं आहे. परवा औरादच्या बाजारात एका अनोळखी बाईनं मलाच ऐकवलं, की बीदरला एका मास्तरच्या नातवाला खुर्चीच्या पट्ट्यांनी जखडून मारलं. मी म्हणालो, तो जिवंत आहे. ती म्हणाली, तुमाला काय म्हायती.

आणि त्या रविवारपासून नागूबाई योगूला हात लावत नाही. त्याचं खिमट ती शिजवते, गाळते, वाटी उंबऱ्यावर आणून ठेवते आणि आत जाते. दवाखान्यातून घरी आल्यापासून रोज तिच्याच मांडीवर तो जेवायचा. मी म्हणालो, घे त्याला, त्याला तुझी सवय आहे. तिनं पदरानं हात पुसले आणि पुसतच राहिली.

योगू आता वजनानं वाढला आहे. रूपा एकटी त्याला उचलते, मी मान धरतो. काल त्याला खाली ठेवताना रूपाची पाठ लचकली, तरी तिनं हाक मारली नाही, आणि नागूबाई दाराआड उभी होती, तीही पुढं आली नाही. मग मीच खाली बसलो आणि वाटी ओढून घेतली. मला भरवायला नीट जमत नाही. अर्धं त्याच्या गळ्यावरून खाली जातं.